घरात शहाणी, टेकडीवर बहिरी: बुंदीला बक्षीस काय द्यावं?

बुंदीची_आई

नमस्कार मंडळी. आमची बुंदी देशी आहे, दीड वर्षाची, वजन पंधरा किलोच्या आसपास. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात तिच्यासारखी गुणी मुलगी नाही. बस म्हटलं की बसते, थांब म्हटलं की ताटलीसमोर लाळ गाळत थांबते, हाक मारली की गॅलरीतून धावत येते. दर वेळी ग्लुकोज बिस्किटाचा तुकडा देते.

टेकडीवर मात्र मी कोण आणि ती कोण! खार दिसली की पट्टा ताणून उभी. बिस्कीट नाकाशी धरलं तर तोंडात घेऊन खाली टाकते, आणि कधीकधी बघतसुद्धा नाही. सोसायटीतले एक काका म्हणतात, "खाऊची सवय लावलीत, आता खाऊ दाखवल्याशिवाय ऐकणार नाही." मला मारझोड, गळ्याला झटके वगैरे काही करायचं नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की आमचं घर शाकाहारी आहे. सासूबाई बुंदीवर जीव टाकतात, पण अंडंसुद्धा घरात शिजत नाही. चिकन तर दूरच. सासरे जेवताना तिला पोळीचा तुकडा देतात, त्यामुळे ती टेबलाशी कुंईकुंई करत बसते, तो वेगळाच विषय. शाकाहारी घरात बाहेर उपयोगी पडेल असं बक्षीस कोणतं? की खाऊ सोडून दुसरं काही करावं?

जुना_वाडा

आमच्या वाड्यात मोती होता. त्याला कुणी खाऊ दिला नाही की शिकवलं नाही. संध्याकाळी उरलेली भाकरी मिळायची. शीळ घातली की शेताच्या दुसऱ्या टोकाकडून यायचा. हल्ली कुत्र्यांचे फार लाड चालतात. एकदा आवाज चढवून बघा, सगळं जमेल.

रंकाळाकाठ

ताई, बिस्किटाचा दोष थोडा आणि टेकडीचा जास्त.

मी कोल्हापुरात लोकांच्या घरी जाऊन कुत्री शिकवतो. "आमचं कुत्रं खाऊला भुलत नाही" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरी कानावर पडतं. मी चहा पिईपर्यंत तेच कुत्रं सोफ्याखाली जाऊन शेंगदाण्याची टरफलं चाटत असतं. भुलत नाही कसं? तुम्ही देताय त्याला, त्या जागी, त्या वेळी भुलत नाही, एवढंच.

आपण एखाद्या वस्तूला बक्षीस म्हटलं म्हणून ती बक्षीस होत नाही. ती मिळाल्यावर तेच वागणं पुढे वाढलं, तर ते बक्षीस. वाढलं नाही तर तो नुसता फराळ. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने मांजरं पेटीत ठेवून हे 1898 मध्ये मांडलं. कडी उघडली की बाहेरचा खाऊ मिळतो हे कळल्यावर मांजरं कडी भराभर उघडायला लागली. पुढे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: बक्षीस कोणतं ते शिकणाऱ्याच्या वागण्यावरून ओळखायचं, देणाऱ्याच्या हेतूवरून नाही.

आता ही कसोटी लावून तुमचीच पोस्ट वाचा. टेबलाशी कुंईकुंई केली की पोळी मिळते, म्हणून कुंईकुंई वाढली. हे उत्तम चाललेलं प्रशिक्षण आहे, फक्त मास्तर तुमचे सासरे आहेत. टेकडीवर पट्टा ताणला की खारीच्या झाडापाशी जायला मिळतं, म्हणून ताणणं वाढलं. तिथली मास्तर खार. तुमचं बिस्कीट त्या खारीशी स्पर्धा करतंय, आणि ते जिंकणार नाही.

बिस्किटाविषयी आणखी. चढ चढून कुत्रं धापा टाकतंय, जीभ बाहेर, तोंड कोरडं. अशा तोंडात कोरडं पिठूळ बिस्कीट घातलं तर तुम्ही आम्हीही थुंकू. वर त्याचा चुरा होतो. चुरा खाली पडला की ती जमीन हुंगत बसते, आणि तुमच्याकडे बघण्यासाठी दिलेल्या बक्षिसाने तिचं डोकं नेमकं खाली जातं. बाहेरचा खाऊ मऊ, ओलसर, वासाचा आणि न चावता गिळता येईल असा हवा. आकार हरभऱ्याच्या डाळीएवढा. लोक या आकारावर हसतात, पण कुत्रं किती वेळा मिळालं ते मोजतं, केवढं मिळालं त्याची फारशी पर्वा करत नाही.

शाकाहारी घरात काय, तर पुष्कळ आहे. पनीर (घरी फाडलेलं, बिनमिठाचं, घट्ट दाबून बारीक चिरलेलं), वाफवलेलं रताळं, लाल भोपळा, काकडी, सफरचंद बिया काढून, ओल्या खोबऱ्याचे काप. रताळं शिजवून कापून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की चिकटपणा जातो आणि पिशवीत लगदा होत नाही.

पण माझी यादी म्हणजे माझ्या ओळखीच्या कुत्र्यांची यादी. बुंदीची तुम्ही करा. दोन मुठींत दोन वेगळे पदार्थ घ्या, दोन्ही एकदा हुंगू द्या, मग हात थोडे लांब नेऊन मुठी उघडा. आधी कुठे जाते बघा. हातांची अदलाबदल करत पुन्हा करा, कारण काही कुत्र्यांना उजव्या हाताचीच सवय असते. जो जिंकेल त्याची पुढच्या पदार्थाशी लढत लावा. घरात उतरंड लागली की तीच परीक्षा इमारतीखाली, मग टेकडीच्या पायथ्याशी. क्रम बदलतो. घरात पहिला आलेला पदार्थ बाहेर तिसरा येऊ शकतो.

उतरंड कळली की वाटणी सोपी. घरातल्या 'बस'ला काकडी किंवा तिच्या रोजच्या जेवणातले दाणे. सर्वांत वरचा पदार्थ फक्त बाहेर, आणि तोही फक्त अवघड कामाला, म्हणजे खार दिसूनही वळून आली तर. तो घरात सहज मिळायला लागला की त्याची किंमत उतरते. सासूबाईंना हे मी सांगत नाही, तुम्हीच सांगा.

आता ते काका. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आधी खाऊ दाखवून मग 'बस' म्हटलं तर ती लाच. कुत्रं हात बघायला शिकतं, हात रिकामा तर बसणंही रद्द. म्हणून हात रिकामा, खाऊ कमरेच्या पिशवीत, पिशवी पाठीकडे सरकवलेली. आधी सांगा, ती बसली की त्याच क्षणी एक ठरलेला शब्द म्हणा, आणि मग हात पिशवीत घाला. मी "हां!" म्हणतो, छोटा आणि तोडून. काहीजण क्लिकर, म्हणजे दाबलं की 'टक्' वाजणारी डबी, वापरतात, काम तेच. शब्दामुळे नेमकं कशाचे पैसे मिळाले ते तिला कळतं, नाहीतर खाऊ काढेपर्यंत ती उठलेली असते आणि उठण्याचं बक्षीस मिळतं. शब्दाच्या आधी प्लॅस्टिक खुळखुळलं तर सगळं मुसळ केरात. ती खुळखुळच तुमची आज्ञा होऊन बसते. पिशवी कापडी शिवून घ्या.

वागणं पक्कं झाल्यावर दर वेळी द्यायची गरज नाही. कधी द्या, कधी नुसतं "शाब्बास", कधी सलग तीन. अंदाज लागत नाही तोवर ती प्रयत्न सोडत नाही. पण पूर्ण बंद करू नका. पगार बंद झाला की काम आटतं.

'जुना वाडा' यांना: मोतीला भाकरी मिळत होती, शिवाय शिळेनंतर मालकाबरोबर शेतभर हिंडायला मिळत होतं. कुत्र्याला याहून मोठा पगार कोणता! आवाज चढवण्याचं म्हणाल तर टेकडीवर आधीच बेभान असलेलं कुत्रं ओरडल्यावर आणखी बधिर होतं. आणि चढलेला आवाज म्हणजे माणसाची धडकी, एवढं शिकलं तर हाकेला येणंच बंद.

"खाऊ सोडून दुसरं काही" विचारलंत. डोक्यावर थापटणं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही, ती आपल्यावरच्या मायेपोटी सोसतात. तपासून बघा: छातीवर किंवा कानामागे दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. स्वतःहून पुढे सरकली तर ते बक्षीस. मान फिरवली, ओठ चाटले, अंग झटकलं तर नाही. नुसत्या तोंडी कौतुकावर फार भिस्त ठेवू नका. फ्युअरबाकर आणि विन या संशोधकांनी 2015 मध्ये कुत्र्यांना कुरवाळणारा माणूस आणि नुसतं गोड बोलणारा माणूस यांत निवड करू दिली. कुत्री कुरवाळणाऱ्याकडेच थांबली. नुसतं बोलणाऱ्याजवळ ती फारशी रेंगाळली नाहीत. "गुड गर्ल"मागून काही चांगलं येतं हे कळलं तरच त्या शब्दांना किंमत येते.

आणि खरं भारी बक्षीस तर तुमच्या टेकडीवरच पडलंय. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये सांगितलं की जे करायला जिवाला हौस आहे, ते करायला मिळणं हेच कमी हौसेच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. आपल्याकडे 'आधी शुभंकरोती, मग जेवण' चालायचं, तसंच. खारीचं झाड हुंगायचंय ना? हुंगू द्या. पण आधी पट्टा सैल, एकदा माझ्याकडे बघ, "हां!", आणि मग "चल!" म्हणून तिच्याबरोबर तुम्हीही पळत जा. पट्टा ताणला की आपण खांब. सैल झाला की निघालो. पहिल्या दिवसांत दहा पावलांचं अंतर जायला फार वेळ लागतो, शेजारचे लोक बघतात, चालायचंच.

अंतर मात्र सांभाळा. खार दहा फुटांवर असताना शिकवायला जाऊ नका. जिथे खार दिसते पण बुंदी अजून तुमच्या हातचं खाते, ते अंतर शोधा, आणि तिथून सुरुवात. तोंडात घेऊन टाकून देते याचा अर्थ तुम्ही फार जवळ आहात. खाणं नाकारणं हा तुमचा थर्मामीटर समजा. खाऊ बदलण्याआधी चार पावलं मागे या.

पशुवैद्य_नाशिक

वरचं बहुतेक पटलं. मी फक्त पोट आणि विष एवढ्यापुरतं बोलते.

पंधरा किलोच्या, बऱ्यापैकी हिंडणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण 700 ते 850 कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे 75च्या आसपास. एवढ्या कॅलरी सुमारे 25 ग्रॅम पनीरमध्ये आल्या. कमी वाटतं, पण डाळीएवढे तुकडे करून बघा, शंभरच्या वर होतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी असतात, तीन-चार बिस्किटांत कोटा संपला. बाकी राहिली साखर आणि मैदा. आणि खाऊ जेवढा दिला तेवढं जेवण कमी करा. सासऱ्यांची पोळीही हिशेबात धरा.

पनीर पहिल्यांदा देताना थोडंच. काहींना दुधाच्या पदार्थांनी जुलाब होतात. ओलं खोबरं तेलकट असतं, आवडत असेल तर चालेल, पण बोटाच्या पेराएवढ्या कापाचे बारीक तुकडे दिवसभराला पुरवा.

आता न देण्याचं. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाही. कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत. त्यातलं टार्टारिक आम्ल कारणीभूत असावं असं 2021 पासून मानलं जातं. तेच चिंचेत भरपूर असतं, तेव्हा आमटीत बुडवलेली पोळी नको. कांदा-लसूण शिजवलेलाही नको, तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट नको. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या गोळ्या, च्युइंगम आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने पडते. पीनट बटरच्या बाटलीमागची यादी वाचल्याशिवाय देऊ नका.

मांसाहारी घरांतून हा धागा वाचणाऱ्यांसाठी: कलेजी उत्तम बक्षीस आहे पण रोज नको, 'अ' जीवनसत्त्व जास्त होतं. सुकट-बोंबलात मीठ फार. शिजवलेली हाडं कधीच नाही, ती फुटून टोकदार होतात.

एक विचारायचं राहिलं. पूर्वी बाहेर खात होती आणि अलीकडे अचानक सोडलं, असं आहे का? तसं असेल तर आधी दात, हिरड्या आणि गोचिडतापाची तपासणी करा, बक्षिसाचं नंतर बघू.

माणदेशी

आमच्याकडं पश्मी हाय, म्हंजी कारवान ह्या शिकारी कुत्र्याच्या जातीतला केसाळ. सांगोल्याच्या बाजूला घरोघर दिसतात. ह्या जातीला खाऊचं वेड लई नसतंय. मटणाचा तुकडा दाखवला तरी समोर ससा पळाला की मटण गेलं उडत. सश्यामागं सोडायचं नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा हाय, आणि मला ते पटतंबी. मग त्येच्या पळायच्या भुकेचं काय?

मी हातभर वेळूच्या काठीला लांब दोरी बांधली, टोकाला जुन्या सतरंजीची चिंधी. चिंधी जमिनीवरनं सरपटत फिरवायची, दिशा बदलायची. "थांब" म्हणलं की थांबला पायजे, डोळं चिंधीवर पण पाय जागेवर. थांबला की "घे!" आणि चिंधी पळवायची. शेवटी पकडू द्यायची, झटापट करू द्यायची, नायतर वैतागतंय. आता रानात हाक मारली की वळतंय, कारण वळल्यावर खिशातनं चिंधी निघती हे त्येला ठावं हाय. ताई, तुमची बुंदी खारीमागं एवढी वेडी हाय तर तिला खाऊपेक्षा हेच आवडंल असं मला वाटतंय. फरशीवर खेळू नका, पाय घसरून गुडघं जात्यात. आणि जेवल्या जेवल्या नको.

बुंदीची_आई

सगळ्यांचे आभार! डॉक्टर, अचानक नाही, टेकडीवर ती पहिल्यापासूनच खात नाही.

मुठींचा खेळ केला. मला खात्री होती की पनीर जिंकणार. घरात जिंकलंही. पण खाली पार्किंगमध्ये ओल्या खोबऱ्याने पनीरला हरवलं, आणि पायथ्याशी तर पनीर हुंगून सोडून दिलं नि खोबऱ्यासाठी हाताला नाक लावून उभी राहिली. सासूबाई आता नारळ फोडला की अर्धी वाटी "टेकडीची" म्हणून बाजूला काढतात आणि घरात कुणाला हात लावू देत नाहीत. सासरे पोळीवर अडून होते. शेवटी असं ठरलं की पोळी मिळेल, पण जेवण झाल्यावर, तिच्या चटईवर, ती गप्प पडलेली असली तरच. आता त्यांच्यात आणि बुंदीत चटईवर कोण आधी पोचतं याची शर्यत असते.

टेकडीवर मोठा कडुनिंब आहे, तिथल्या खारी तिच्या जिव्हाळ्याच्या. कडेच्या बाकापासून बघितलं तर खाते, बाक ओलांडला की नाही. म्हणजे बाक हीच आमची हद्द. तिथे उभं राहून तिने वळून बघितलं की "हां!" आणि खोबरं, असं चाललंय. वळते, पण लगेच पुन्हा खारीकडे. हे बरोबर आहे का? की तिने खारीकडे बघायचंच नाही अशी अपेक्षा ठेवायची?

रंकाळाकाठ

बघू द्या. खारीकडे बघणं, मग तुमच्याकडे बघणं, हीच जोडी आपल्याला हवी आहे. बघूच नको म्हटलं तर तिचं अख्खं डोकं त्यातच जातं. फक्त खोबरं देण्याची जागा बदला. सध्या बहुधा तिच्या तोंडापाशी हात नेत असाल, म्हणून ती खाऊन जागच्या जागी परत वळते. "हां!" म्हणा आणि दोन पावलं मागे जाऊन तुमच्या पायाशी द्या, म्हणजे बक्षीस घ्यायला तिला खारीपासून लांब यावं लागेल. जिथे बक्षीस मिळतं तिकडे कुत्रं ओढलं जातं.

आणि दर चार-पाच वेळांनी खोबऱ्याऐवजी "चल!" म्हणून झाडाकडे पळा. खार वर चढून गेली तरी चालेल, तिला बुंधा हुंगायला मिळाला की भागतं. माणदेशी भाऊंची चिंधीही त्याच बाकापाशी काढून बघा. चिंधी सुरू केलीत तर त्या दिवशी खोबरं कमी द्या, डॉक्टर रागावतील.

बुंदीची_आई

पळताना पट्टा छोटा पडतो, मी मागे फरफटत जाते. लांब दोरी कुठली घ्यावी? दुकानात गुंडाळी होणारा पट्टा दाखवला.

रंकाळाकाठ

गुंडाळीचा नको. तो कायम थोडा ताणलेलाच असतो, म्हणजे ताण दिला की दोरी वाढते हेच ती शिकणार. नवारीची पट्टी घ्या, साधारण पाच मीटर, एका टोकाला कडी शिवून. तुमच्या पुण्यात बोहरी आळीत मिळेल. नायलॉनची दोरी घेऊ नका, सुटली तर हात सोलते. आणि लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला लावा, गळ्याच्या पट्ट्याला नाही, धावता धावता दोरी संपली तर सगळा हिसका मानेला बसतो.

माणदेशी

दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारा ताई, हातातनं सरकत न्हाई.